चौदा मीटर, पाण्याशिवाय

दाराला कडी नाही.
आतली हवा वाढत जाते
आणि तीच दार धरून ठेवते.
एवढं सांगितलं की नवे पेशंट गप्प होतात.

लायटर, घड्याळ, नायलॉनचे मोजे,
केसांना चोपडलेलं काहीबाही
सगळं बाहेर.
गेनोवेफाबाईंनी पिशवीतून हातोडी काढली,
लांब दांड्याची,
ट्रेमध्ये ठेवली, आणि आत शिरताना
दोनदा मागे वळून पाहिलं.

एकतीस वर्षं ग्दिनियाच्या रेल्वे यार्डात
चाकं ठोकून बघायचं काम.
धड चाक बोलतं, तडा गेलेलं पुटपुटतं.
एका मंगळवारी किटलीची शिट्टी
फक्त उजवीकडून आली.
डावीकडे कुणी ओली लोकर कोंबलेली
आणि त्या लोकरीत एक डास.
वाटलं, दडे बसलेत, सर्दीनं बसतात तसे.
जांभया दिल्या, नाक दाबून फुंकलं,
गरम मिठाची पुरचुंडी कानाला धरली.
सहा दिवस गेले त्यात.
डॉक्टरीणबाई ओरडल्या.
अर्धंच ऐकू आलं, ते बरं झालं, म्हणाल्या.

मी आत सोबत बसणारा.
पूर्वी नौदलात पाणबुड्या होतो,
तेव्हा खाली जायचं तर बाल्टिकचा गारठा लागायचा.
आता खुर्च्या आहेत, उशा आहेत,
समोर येरेमी, मधुमेहानं काळा पडलेला अंगठा
बाळासारखा मांडीवर घेऊन.
"आवंढा गिळा," मी म्हणतो. "पुन्हा."
हवा तापते. सगळ्यांचे आवाज नाकात जातात,
माझासुद्धा; बदकानं हुकूम सोडावा तसा.
चौदा मीटरवर काटा थांबतो.
मास्क.
वीस मिनिटं ऑक्सिजन, पाच मिनिटं साधी हवा.

कानाच्या शंखात म्हणे केसाहून बारीक केस असतात,
त्यांचा श्वास कोंडलेला.
दारातून जाता येत नाही
म्हणून आपण भिंतीतून पाझरवतो.
कुणी म्हणतं गुण येतो,
कुणी म्हणतं, आपोआपही आला असता.
मी झडप फिरवतो.

साध्या हवेच्या पाच मिनिटांत
त्या बोटाच्या पेरानं भिंत ठोकायच्या.
आठव्या दिवशी एकदम थांबल्या.
"उजव्याला एक सूर सांगते, डाव्याला दुसराच."
म्हणजे डाव्याला काहीतरी सांगत होती.
या कानाचं त्या कानाला पटत नव्हतं, इतकंच.
नवव्या दिवशी: "चौथ्या बोल्टपाशी भिंत बहिरी आहे."
रात्री मेकॅनिकनं तिथला रंग खरवडला.
काही सापडलं नाही.
मी त्यांना ते सांगितलं नाही.

वर येताना आत धुकं पडतं, रोज.
येरेमी रोज म्हणतो, "आलं ग्दिनिया."

वीस फेऱ्यांनंतरचा तक्ता:
डाव्या कानाच्या निळ्या फुल्या.
खालचे सूर चढून आले
उजव्याच्या लाल गोलांच्या शेजाराला.
वरचे तिथेच, तळाशी.
मी विचारायला नको होतं,
तडा कुठल्या सुरात बोलतो म्हणून.
"वरच्या," त्या म्हणाल्या,
आणि ट्रेमधली हातोडी उचलली.

ऑक्टोबरात मला यार्डात बोलावलं.
रिकामी मालगाडी, पहाट, मान तिरकी,
उजवा कान चाकाकडे.
ठोकलं. पुढचं ठोकलं.
तिसऱ्याला ठोकून हातमोजा काढला
आणि तळहात चाकावर ठेवला,
बराच वेळ,
कुणाचा ताप बघावा तसा.
"ऐकलंत?"
मला लोखंड ऐकू आलं.
त्यांनी निळ्या खडूनं चाकावर फुली मारली,
चार पावलं पुढे गेल्या,
परत आल्या,
आणि अर्धी पुसली.